मीटरची वही

आपल्या वस्तीतल्या कोणत्याही बाईला तुरीच्या डाळीचा भाव विचारा, ती लगेच सांगेल. मागच्या महिन्यात काय भाव होता, कोणत्या दुकानात दोन रुपये स्वस्त मिळते, हेही सांगेल. तेल, गॅस, शाळेची फी, सगळे आकडे तिच्या तोंडपाठ असतात. पण विजेचे एक युनिट किती रुपयांना पडते, असे विचारले की ती गप्प होते. नवऱ्याला विचारले तर तोही गप्प होतो. जी वस्तू आपण चोवीस तास विकत घेतो, तिचा भावच आपल्याला माहीत नसतो. बिल आले की आपण कपाळाला हात लावतो, मुलांवर ओरडतो, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

मी एका शाळेच्या कार्यालयात लिपिक आहे. बी. कॉम. झाल्यामुळे जमाखर्चाची सवय आहे. सुटीच्या दिवशी उत्तर नागपुरातल्या आमच्या वस्तीत महिला मंडळाचे काम करते. गेली काही वर्षे रविवारी विहारातली वंदना आटोपली की आम्ही अर्धा तास बसतो आणि एकमेकींची विजेची बिले वाचतो. त्यातून जे शिकायला मिळाले ते या पानाच्या वाचक भगिनींपुढे ठेवते. बंधूंनीही वाचावे, कारण बिल भरण्याची जबाबदारी घरातल्या सगळ्यांची आहे.

माझ्या माहेरी वीज आली ती १९८९ साली. तेव्हा मी तिसरीत होते. त्याआधी रेशनचे रॉकेल, चिमणी आणि कंदील. माझा मोठा भाऊ रस्त्यावरच्या खांबाखाली बसून अभ्यास करायचा. घरात पहिला दिवा लागला तेव्हा माय कितीतरी वेळ नुसती भिंतींकडे पाहत होती. भिंतींवर इतका धूर बसला आहे, हे तिला त्या उजेडात दिसले. दुसऱ्याच दिवशी तिने घर सारवून चुना मारला. म्हणून मी वीज वाचवा असे म्हणते तेव्हा अंधारात बसा असे मी म्हणत नाही, हे आधीच सांगून ठेवते. आपल्या आईवडिलांनी अंधार पुष्कळ भोगला आहे. तो पुन्हा घरात आणायचा नाही.

आता भावाची गोष्ट. एक हजार वॅटचे उपकरण एक तास चालले की एक युनिट होते. शंभर वॅटचा जुना पिवळा दिवा दहा तास जळला तरी एकच युनिट. एवढे एक सूत्र लक्षात ठेवले की अर्धे काम झाले. दुसरी गोष्ट टप्प्यांची. महाराष्ट्रात घरगुती विजेचे दर राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते टप्प्याटप्प्याने चढतात. महिन्याला पहिली १०० युनिटे एका दराने, १०१ ते ३०० दुसऱ्या दराने, ३०१ ते ५०० तिसऱ्या दराने, आणि त्यापुढे आणखी महाग. दर वेळोवेळी बदलतात, म्हणून नेमका आकडा ज्याने त्याने आपल्या बिलावर पाहावा. पण दुसऱ्या टप्प्याचा दर पहिल्याच्या जवळजवळ दुप्पट असतो, ही गोष्ट पक्की.

याचा अर्थ काय, तो हिशेबाने पाहू. समजा पहिल्या टप्प्याचा दर सहा रुपये आणि दुसऱ्याचा अकरा रुपये धरला. एका घरात १६० युनिटे जळतात. पहिल्या शंभराचे ६०० रुपये आणि वरच्या साठाचे ६६० रुपये. म्हणजे वरची साठ युनिटे खालच्या शंभरांपेक्षा महाग पडली! ती साठ वाचली तर विजेचा आकार १,२६० वरून ६०० वर येतो. त्यावर घरगुती ग्राहकाला १६ टक्के वीज शुल्कही लागते, तेही तेवढ्या प्रमाणात उतरते. फक्त स्थिर आकार तसाच राहतो. यास्तव थोड्याशा युनिटांनी काय फरक पडतो, असे म्हणू नये. वरचे युनिट वाचवले तर वरच्याच दराने पैसे वाचतात.

२०२३ च्या एप्रिलमध्ये मी एक वही केली. मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पाने शिवून घेतली होती. रोज रात्री नऊ वाजता मीटरवरचा आकडा लिहायचा आणि कालचा आकडा वजा करायचा. हे काम मी मुलीकडे दिले. ती तेव्हा सातवीत होती. तिला वजाबाकीचा सराव झाला आणि घराला रोजचा हिशेब मिळाला. त्याच वहीत घरातल्या प्रत्येक वस्तूचे वॅट आणि रोज चालण्याचे तास लिहिले. माझे मिस्टर आधी हसत होते. महिन्याच्या शेवटी बेरीज केली तेव्हा तेही जवळ येऊन बसले.

ती बेरीज अशी होती. ओसरीवरचा ६० वॅटचा पिवळा दिवा रात्रभर, म्हणजे दहा तास, त्याची महिन्याला १८ युनिटे. दोन जुन्या ट्यूबलाईट, ४० वॅटच्या, पण त्यांचा चोकही वीज खातो, म्हणून एक ५० वॅटची धरली. सहा तासांप्रमाणे दोन्ही मिळून १८. दोन पंखे ७५ वॅटचे, उन्हाळ्यात चौदा तास, त्यांची ६३. कूलर २०० वॅटचा, दहा तास, ६०. फ्रिजची ३६ धरली. टीव्हीची ९. टीव्हीच्या डब्याची, म्हणजे सेट टॉप बॉक्सची, ७. इस्त्रीची ८. मिक्सर आणि मोबाईल मिळून ३. एकूण २२२. मीटरवर त्या तीस दिवसांत २२६ आली होती. चार युनिटांचाच फरक. मीटर पळते, मीटर पळते, असे आमच्या सासूबाई नेहमी म्हणायच्या. त्यांना वही वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "मीटर नाही पळत बाई, आपला पंखा पळते."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. आम्ही सगळे दिव्यांमागे लागलो होतो आणि पंख्यांकडे कोणाचे लक्ष नव्हते. जुना पंखा ७५ वॅट खातो. आता बीएलडीसी नावाच्या मोटरचे पंखे मिळतात, ते साधारण ३० वॅटमध्ये तितकाच वारा देतात. २०२३ पासून छताच्या पंख्यांवरही ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारांकन सक्तीचे झाले आहे, त्यामुळे विकत घेताना तारे मोजून घेता येतात. असा पंखा साध्या पंख्यापेक्षा महाग असतो, हे खरे. चौदा तास चालणाऱ्या पंख्यामागे महिन्याला जवळजवळ १९ युनिटे वाचतात. वरच्या टप्प्याचा दर धरला तर ते दोनशेच्या वर रुपये झाले. आमच्या घरात एका पंख्याची किंमत दीड-दोन वर्षांत निघेल असा माझा हिशेब आहे. ज्यांचे बिल मुळात शंभर युनिटांच्या आत असते, त्यांना जास्त वेळ लागेल. म्हणून हप्त्याने पंखा घेण्याआधी आपली वही पाहावी. दोन्ही पंखे एकदम घेण्याची आमची ऐपत नव्हती. पहिल्या वर्षी एक घेतला, दुसऱ्या वर्षी दुसरा. पहिला पंखा कोणत्या खोलीत लावायचा यावर घरात चर्चा झाली. जिथे पंखा सर्वांत जास्त तास चालतो तिथे, असे वहीने सांगितले. ती सासूबाईंची खोली निघाली.

ओसरीचा दिवा आणि ट्यूबलाईट बदलणे सर्वांत सोपे होते. एलईडी दिवा एके काळी श्रीमंतांची वस्तू होती. २०१४ मध्ये सरकारी खरेदीतही एका दिव्याला ३१० रुपये पडत होते. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली, एकगठ्ठा खरेदी झाली, आणि २०१६ पर्यंत तो खरेदीदर ३८ रुपयांवर आला. या योजनेतून देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. तरीही आमच्या गल्लीत मोजले तर संडास-बाथरूममध्ये, ओसरीवर, जिन्यात पिवळे दिवे अजून लटकलेले होते. "लहानच तर दिवा आहे," असे म्हणून ते राहून जातात. पण तोच दिवा रात्रभर जळतो. ६० वॅटच्या जागी ९ वॅटचा लावला की १८ युनिटांची ३ होतात. चोकच्या ट्यूबलाईटऐवजी २० वॅटची एलईडी पट्टी लावली की दोघींची १८ ची ७ होतात.

बाकीच्या गोष्टी फुकटच्या आहेत. टीव्ही रिमोटने बंद केला तरी त्याचा डबा चालूच राहतो. दहा वॅट म्हणजे काहीच नाही असे वाटते, पण चोवीस तास आणि तीस दिवसांचा गुणाकार केला की सात युनिटे भरतात. भिंतीवरचे बटण बंद करायचे, एवढेच. फ्रिज भिंतीला चिकटवून ठेवू नये, मागची उष्णता बाहेर पडायला वीतभर जागा हवी. दाराच्या रबरात कागदाचा तुकडा धरून दार लावावे. कागद सहज ओढून निघाला तर रबर सैल झाले आहे आणि थंडावा वाया जात आहे. इस्त्री रोज गणवेशासाठी तापवण्यापेक्षा रविवारी आठवड्याचे कपडे एकदम करावेत. पंख्याचा जुना डबा-रेग्युलेटर हात लावून पाहावा. तो गरम लागत असेल तर पंखा मंद करून जी वीज वाचली असे वाटते, तिचा बराचसा भाग त्या डब्यात उष्णता होऊन जातो. इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरमध्ये तसे होत नाही.

हिवाळ्यात पाण्याच्या रॉडचाही विचार करावा. पंधरा लिटर पाणी वीस अंशांवरून चाळीसपर्यंत तापवायला साधारण एक तृतीयांश युनिट लागते. १५०० वॅटचा रॉड हे काम पंधरा मिनिटांत करतो. पण आपण रॉड टाकून भाकरी करायला बसतो आणि पाऊण तासाने आठवते. तोवर तीन बादल्यांची वीज एका बादलीत गेलेली असते. आमच्याकडे आता सासूबाई सकाळी घंगाळे उन्हात ठेवतात. नागपूरच्या हिवाळ्यातले ऊन दुपारपर्यंत पाणी चांगले कोमट करते. मुले शाळेतून आल्यावर त्यानेच हातपाय धुतात.

गॅसचेही तसेच आहे. १४.२ किलोची टाकी किती दिवस गेली याची तारीख त्याच वहीत लिहावी. डाळ आणि चणे भिजत घालून शिजवावेत, भांड्यावर झाकण ठेवावे, उकळी आल्यावर आच कमी करावी, कारण उकळत्या पाण्याखाली जाळ वाढवला तरी पाणी शंभर अंशांच्या वर तापत नाही. ज्योत निळ्याऐवजी पिवळी दिसू लागली, भांडी काळी होऊ लागली, की बर्नर साफ करावा. या गोष्टी आपल्या आया चुलीवरही करीत होत्या. लाकूड वाया घालवणारी बाई त्यांना आवडत नसे.

दोन वर्षांनी, २०२५ च्या एप्रिलमध्ये, मीटरवर १५१ युनिटे आली. पंखेही तितकेच तास चालले, कूलरही चालला, मुलगी रात्री अकरापर्यंत अभ्यासही करीत होती. ७५ युनिटे कमी झाली. अकरा रुपयांचा दर आणि त्यावरचे वीज शुल्क धरले तर महिन्याचे साडेनऊशे रुपये होतात. लिपिकाच्या घरात साडेनऊशे रुपये म्हणजे काय, हे सांगायला नको.

मात्र एक धोक्याची गोष्ट मला अनेक घरांत दिसली. काटकसर सुरू झाली की ती आधी बाईच्या वाट्याला येते. स्वयंपाकघरातला पंखा बंद होतो. मुलीचा अभ्यासाचा दिवा लवकर मालवला जातो. मुलाचा मात्र चालू राहतो. एका घरात सून बाळंतीण होती आणि बिलासाठी तिच्या खोलीतला पंखा रात्री बंद करीत होते. मी त्या घरी जाऊन वहीने दाखवून दिले की त्यांच्या ओसरीवरचा पिवळा दिवा तिच्या पंख्याइतकीच वीज खातो. दिवा बदलला, पंखा चालू झाला. घरातल्या दुबळ्या माणसाच्या सोयीवर डोळा ठेवून केलेली बचत ही बचत नव्हे. वस्तू बदला, सवय बदला, पण अभ्यास, झोप आणि आजारी माणूस यांना हात लावू नका.

आता बिल वाचण्याविषयी. आमच्या गल्लीत एक मावशी आहेत. नवरा वारलेला, चार घरची धुणीभांडी करतात. सकाळी सातला घराला कुलूप लागते ते रात्री उघडते. त्यांचे मीटर घराच्या आत होते. रीडिंग घ्यायला माणूस यायचा आणि परत जायचा. त्यामुळे बिलावर चालू रीडिंगच्या जागी "लॉक" असा शेरा येत होता आणि महिन्याला ४० युनिटांचे सरासरी बिल लागत होते. मावशींना वाटले, बिल कमी आले, बरे झाले. पाच महिन्यांनी खरे रीडिंग मिळाले आणि उरलेली ४१० युनिटे एका बिलात आली. बिल पाच हजारांच्या पुढे गेले. ते भरणे झाले नाही. नंतर नोटीस आली, ती बिलांच्या गठ्ठ्यात तशीच राहिली, कारण कोणी वाचली नाही. त्यांची मुलगी बारावीला होती आणि परीक्षा महिन्यावर आली होती. रविवारी तो गठ्ठा घेऊन मावशी विहारात आल्या आणि एका कोपऱ्यात बसून राहिल्या. सगळ्यांसमोर थकबाकी दाखवायची त्यांना लाज वाटत होती.

आम्ही कागद लावून पाहिले. नोटिशीचे नऊ दिवस शिल्लक होते. पाच महिन्यांत जळलेली वीज एकाच महिन्यात जळली असे धरले तर माणूस वरच्या टप्प्यात ढकलला जातो. ती पाच महिन्यांत विभागली तर महिन्याला १२२ युनिटे पडत होती, म्हणजे जवळजवळ सगळी पहिल्या टप्प्यात. यालाच टप्प्याचा लाभ म्हणतात. मी अर्ज लिहिला, मागच्या बिलांच्या प्रती जोडल्या, आणि मावशींनी अर्धा दिवस सुटी घेऊन तो वीज कंपनीच्या कार्यालयात स्वतः दिला. पोच घेतली. बिल दुरुस्त होऊन साडेतीन हजारांच्या आसपास आले आणि त्याचे तीन हप्ते करून मिळाले. मीटर बाहेरच्या भिंतीवर घेण्याचा अर्जही त्याच दिवशी दिला. परीक्षेच्या दिवसांत त्यांच्या घरात दिवा होता.

या निमित्ताने कायदा थोडा समजून घेतला पाहिजे. विद्युत अधिनियम २००३ च्या कलम ५६ प्रमाणे थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी किमान पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असेल तर ती निषेध नोंदवून भरता येते, किंवा मागील सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे रक्कम भरून वाद मिटेपर्यंत वीज चालू ठेवण्याचा मार्गही त्याच कलमात आहे. एखादी रक्कम देय झाल्यापासून दोन वर्षे बिलात थकबाकी म्हणून सतत दाखवलेली नसेल तर ती नंतर वसूल करता येत नाही. कार्यालयात दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच आहे, आणि त्यावर विद्युत लोकपाल आहे. लोकपालांची कार्यालये मुंबईत आणि नागपुरात आहेत. तिथे जाण्याची वेळ क्वचितच येते. पण कागद सांभाळून ठेवलेला असेल तरच हे सगळे दरवाजे उघडतात. बिल, पावती, अर्जाची पोच, तिन्ही एका पिशवीत ठेवा. अनेक ठिकाणी आता स्मार्ट मीटर बसत आहेत आणि रीडिंग आपोआप जाते. तरी आपली वही बंद करू नये. दुकानदाराचा काटा चांगला असला तरी आपण वजनाकडे पाहतोच ना?

भाड्याने राहणाऱ्यांची अडचण वेगळी असते. घरमालकाचे एकच मीटर आणि त्यावर तीन बिऱ्हाडे असली की सगळ्यांची युनिटे एकत्र होऊन वरचा टप्पा लागतो. तो वरचा दर भाडेकरूच्या माथी येतो. कायद्याच्या कलम ४३ प्रमाणे वीजजोडणीसाठी जागेचा मालक किंवा तिथे राहणारा, दोघेही अर्ज करू शकतात. घरमालकाशी गोडीने बोलून स्वतंत्र मीटर घेता आले तर दोघांचाही फायदा असतो, हे त्यालाही वहीने दाखवता येते.

काही वस्त्यांमध्ये खांबावर आकडा टाकला जातो. त्याविषयीही बोलले पाहिजे. वीजचोरीला कलम १३५ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत तुरुंगवासाची शिक्षा आहे. पण त्याहून वाईट म्हणजे ती उघडी तार पावसात पत्र्यावर पडते. आणि जो आकडा टाकतो त्याला वर्षभर कोणापुढेही ताठ मानेने उभे राहता येत नाही. महावितरणने २०२१ मध्ये अनुसूचित जाती-जमातीच्या कुटुंबांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर जीवन प्रकाश योजना आणली होती. तिच्यात ५०० रुपये अनामत, तीही पाच हप्त्यांत, भरून घरगुती जोडणी मिळत होती. अशी योजना येते तेव्हा तिची माहिती वस्तीपर्यंत वेळेवर पोचवणे हे आपल्या कार्यकर्त्यांचे काम आहे. भाषणापेक्षा हे काम कमी महत्त्वाचे नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. आपल्या विदर्भात नवतपा आला की पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि पत्र्याच्या घरात कूलरशिवाय म्हातारी माणसे तगत नाहीत. कूलर बंद करा असे मी कोणाला सांगणार नाही. तो नीट चालवा असे सांगेन. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या गवतातून ओढतो आणि पाण्याची वाफ होताना हवा थंड होते. म्हणून तो खिडकीत, बाहेर पाठ करून हवा, आणि समोरची एक खिडकी किंवा दार थोडे उघडे हवे. दारे लावून घेतली तर खोली दमट होते, गारवा येत नाही, आणि आपण वेग वाढवून वीज जाळत बसतो. दरवर्षी गवत बदलावे, आठवड्याला टाकी रिकामी करून घासावी, नाहीतर डेंग्यूचे डास होतात.

पण कूलर जीवही घेतो. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या मागच्या गल्लीतला एक तरुण दुपारी कूलरमध्ये पाणी भरत होता. कूलर पत्र्याचा, चालू होता. प्लग दोन पिनांचा होता, अर्थिंग नव्हते, आणि पायाखाली सांडलेले पाणी होते. त्याची बायको ओरडेपर्यंत सगळे संपले होते. त्याला दीड वर्षाची मुलगी होती. अर्थिंगची एक तार आणि तीन पिनांचा प्लग असता तर तो वाचण्याची शक्यता होती.

आमच्या घरी बचतीचे पहिले पैसे हाती आले तेव्हा मुलीने सायकलची मागणी केली होती. मिस्टर म्हणाले, आधी वायरमन. घराचे अर्थिंग नव्याने करून घेतले आणि मेन स्विचजवळ आरसीसीबी बसवला. तीस मिलिअँपिअरचा हा स्विच वीज जमिनीकडे किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की क्षणात पुरवठा तोडतो. फक्त फ्यूज किंवा एमसीबी असला तर माणूस वाचत नाही, कारण तो जास्त भार आला तरच पडतो आणि माणसाला मारायला त्याहून फार थोडी वीज पुरते. एक साधी तपासणी प्रत्येकाने करावी. घरातली सगळी बटणे बंद करावीत, प्लग काढावेत, मेन स्विच चालू ठेवावा आणि मीटरवरचा लाल दिवा पाहावा. तो थोड्या थोड्या वेळाने लुकलुकत राहिला तर कुठेतरी वीज गळते आहे, किंवा आपल्या मीटरच्या पुढून कोणी तार जोडली आहे. वायरमनला लगेच बोलवावे. आमच्या मंडळाने अशी तपासणी केली तेव्हा एका घरात ओलीच्या भिंतीतून वीज जात होती. त्या घराचे बिल जास्त येत होते आणि भिंतीला हात लावला की मुंग्या येत होत्या. दोन्ही तक्रारींचे कारण एकच निघाले. आणि कूलरमध्ये पाणी भरताना बटण बंद करणे पुरेसे नाही, प्लगच काढावा. हे मुलांना पाढ्यासारखे पाठ करून घ्या.

आपल्या समाजाला विजेचे महत्त्व दुसऱ्या कोणी शिकवण्याची गरज नाही. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाईसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते आणि पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडेच होते. १९४३ च्या ऑक्टोबरात त्यांनी वीजविषयक धोरण समितीपुढे मांडलेला विचार असा होता की, देशाची गरिबी हटवायची तर उद्योग वाढले पाहिजेत, आणि उद्योग वाढायचे तर वीज मुबलक आणि स्वस्त मिळाली पाहिजे. १९४४ मध्ये केंद्रीय तांत्रिक वीज मंडळ उभे राहिले. दामोदर खोऱ्याच्या योजनेची आखणीही त्यांच्याच कारकिर्दीत झाली. आपण त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणून वंदन करतो, पण आपल्या घरातल्या बटणाशीही त्यांचा संबंध आहे, हे मुलांना सांगितले पाहिजे. ज्यांनी विजेचा असा विचार केला त्यांच्या लेकरांनी विजेचे बिल न वाचता भरावे, हे शोभत नाही.

सांगण्याचे तात्पर्य एवढेच. सोलर पॅनेल, नवा फ्रिज, महागडी यंत्रे ही पुढची गोष्ट झाली. आधी एक वही घ्या. एका पानावर वस्तू, वॅट आणि तास लिहा. दुसऱ्या पानावर रोजचे रीडिंग लिहा. ते काम घरातल्या शाळकरी मुलीला द्या आणि तिने काढलेला हिशेब सगळ्यांनी ऐका. महिनाभरात घरातला खरा खाऊ कोण, ते कळेल. वाचलेल्या पैशातून पहिला खर्च अर्थिंगचा आणि आरसीसीबीचा करा. दुसरा पोरांच्या शिक्षणाचा. आमच्या मुलीला सायकल मिळाली, पण सहा महिने उशिरा. तिने त्याबद्दल तक्रार केली नाही. कूलरचा प्लग मात्र ती आता स्वतः काढते आणि मगच आजीला पाणी भरू देते.

तुमच्या वस्तीतही रविवारी अर्धा तास काढता येईल. येताना बिल घेऊन या, चष्मा घेऊन या, आणि शेजारणीलाही बोलवा. थकबाकी असली तरी लाजू नका. बिल गठ्ठ्यात दडवले तर वाढत जाते. चार जणींसमोर उघडले तर त्यावर काहीतरी मार्ग निघतो.

जय भीम.